तेराशे साठ वेढे

श्यामराव मास्तरची फजिती झाली तो दिवस मले तारखेसकट पाठ आहे. नऊ मार्च, एकोणीसशे शह्याऐंशी, रविवार, सकाळचे साडेअकरा. लोक आपल्या पोरायच्या जन्मतारखा विसरतात, मी हे विसरत नाही. कोणी म्हणते, "शकुनबाई, झालं ते झालं, आता सोडा जी." त्याले मी सांगते, बाप्पा, तुझ्या घरच्या माणसाले भर सभेत कोणी उघडं पाडलं असतं अन् मंग तू सोडलं असतं, तं मी तुझ्या पायाचं तीर्थ घेतलं असतं. सोडा म्हणायले काय जाते!

माझं माहेर पवनीतलंच, कोष्ट्याच्या मोहल्ल्यातलं. आमचे बाबा, भैय्याजी, मागावर धोतरं विणत. सात वर्षांची होती तेव्हापासून मी कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ढिली भरली तं सूत गुंतते, करकच्च भरली तं तुटते. दोन्हीच्या मधातली ओढ हातालेच समजते, ती कोणी शिकवू शकत नाही. माझी कांडी मागावर कधी अडली नाही, हे बाबा चारचौघात सांगत.

एकाहत्तर साली लग्न झालं. माझ्या घरवाल्याचं नाव तुलाराम. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. ‘हे’ अन् ‘ते’ करत बसलं तं ऐकणाऱ्याले पत्ता लागत नाही कोण कोणाले बोलून राहिलं. तुलाराम मूळचे एकोडीचे, धानवाल्या घरचे, पण त्यायचं मन धानात नव्हतं. गोंदियाले एका उस्तादाजवळ रेडिओचं काम शिकले अन् पवनीच्या बाजारात दुकान टाकलं. माझे हात पाहून एक दिवस त्यायनं तांब्याच्या तारेची रीळ समोर ठेवली. म्हणाले, "हेही कांडीच आहे. फक्त मोजून भरायची." तेव्हापासून दुकानातले सगळे ट्रान्सफॉर्मर मी भरत होती. हाताच्या मशीनवर, तोंडानं मोजत, शंभर झाले की वाटीत एक चिंचोका. मधात घरात कोणी हाक मारली तं मी ओ देत नव्हती. आकडा चुकला तं सगळं पहिल्यापासून.

आमच्या दुकानाची एक रीत होती. पवनीले लाईन कशी येते, सगळ्यायले माहीत आहे. नदीकाठचे पंप सुरू असले, मिल सुरू असली, की दिवसा एकशे सत्तर व्होल्ट. पंखा असा फिरते की पाती मोजून घ्या. अन् पंप बंद झाले, मिल बंद झाली की एकदम दोनशे चाळीस. म्हणून तुलाराम प्रत्येक ट्रान्सफॉर्मरले दोन टोकं काढायले लावत. तेराशे साठ वेढ्यावर एक टोक, ते कमी लाईनसाठी. अठराशे चाळीसवर दुसरं, ते भरलेल्या लाईनसाठी. बाहेर एक खटका, लाईन पाहून टोक बदलायले. कमी लाईनच्या टोकावर भरलेली लाईन आली तं आतलं सगळं जळते. एका टोकाचा ट्रान्सफॉर्मर आमच्या दुकानातून कधीच गेला नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो. तो त्यायचा धरमच होता.

त्र्याऐंशी साली त्यायच्या डोक्यात कंप्यूटर घुसला. कुठून तरी दिल्लीचं एक इंग्रजी मासिक आणलं, त्यात घरी कंप्यूटर बनवायचा नकाशा होता. लहानसाच, टाइपराईटरच्या पेटीएवढा. वीस बटनं अन् सहा लाल आकडे. पोस्टानं चिपा मागवल्या. चिप म्हणजे काळी चपटी गोम, दोन्ही बाजूले पाय. सहा महिने रोज संध्याकाळी, दुकान बंद केल्यावर, तेच.

चुका किती झाल्या, विचारू नका. पहिल्यांदा सगळं जोडून स्टीलच्या ताटात ठेवलं अन् बटन दाबलं. स्टीलच्या ताटात! खालच्या खाली सगळ्या तारा एक झाल्या अन् घरभर जळका वास. मी म्हटलं, "कंप्यूटर वाढला का जी, वरण आणू?" तेही पोट धरून हसले. दुसऱ्यांदा एक चिप उलटी बसवली. तिच्या डोक्यावर लहानशी खाच असते, ती पाहूनच बसवावं लागते. तीन दिवस चूक सापडेना, चौथ्या दिवशी मलेच दिसली. "सगळ्यायचं तोंड डावीकडे, हिचंच काहून उजवीकडे?" असं हसत हसत काम चाललं होतं. चूक आपल्या घरात झाली तं माणूस हसूनच घेते.

अडचण इंग्रजीची होती. तुलारामले नकाशा वाचता येत होता, इंग्रजी येत नव्हतं. म्हणून आले श्यामराव मास्तर. हायस्कूलात सायन्स शिकवत होता, नागपूरचा बी.एस्सी., संस्थेच्या सेक्रेटरीचा पुतण्या. आठ-दहा वेळा घरी आला. मी चिवडा केला, चहा केला. तो वाचून सांगे अन् तुलाराम हिंदीत वहीत उतरवत. शेवटच्या पानावर एक चौकट होती, तिच्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. तुलारामनं बोट ठेवून विचारलं, "अन् हे काय आहे जी मास्तर?"

"काही नाही, असंच चिल्लर," म्हणाला, अन् चपला घातल्या.

डिसेंबरात कंप्यूटर चालला. आमच्या घरात, आमच्या पाटावर. बारा अन् पंधरा दाबले, लाल सत्तावीस आले. तुलारामनं मले हात धरून बटनं दाबायले लावली. मी नऊशे चाळीस अन् चारशे वीस दाबले. तेराशे साठ आले. आम्ही दोघं लहान पोरायसारखे हसलो.

सव्वीस जानेवारीले हायस्कूलात तो दाखवायचं ठरलं. सारं गाव जमलं होतं. स्टेजवर बटन दाबलं, सगळे आकडे लागले, पण एक जरा मंद होता. आता रेडिओवाल्याची जी सवय असते तीच तुलारामची. पेचकसचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक तारेले लावायचं अन् ठिणगी पाहायची, की लाईन येऊन राहिली का नाही. उस्तादानं तसंच शिकवलं होतं, जुन्या रेडिओले त्यानं काही होत नाही. तुलारामनं पेचकस लावला, चट् आवाज झाला, अन् सहाच्या सहा आकडे विझले. पुन्हा लागले नाहीत.

लोक हळहळले असते अन् घरी गेले असते. पण श्यामराव उठला अन् माईक हातात घेतला. म्हणे, "मंडळी, कंप्यूटर म्हणजे बैल नाही, शेपूट पिळलं की चालला! हे डोक्याचं काम आहे, पेचकसवाल्याचं नाही." सगळी सभा हसली. तुलाराम पेचकस हातात धरून उभेच होते. खाली ठेवायचंही त्यायले सुचलं नाही.

त्या दिवशीपासून गावानं त्यायचं नाव ठेवलं ‘ठिणगी’. "ठिणगीकडे टाक रेडिओ." "ठिणगीले विचार." दुकानासमोरून जाता जाता पोट्टे तोंडानं ‘चट्’ करत. दोन महिने त्यायनं सहन केलं, मंग दुकानाले कुलूप लावलं अन् मिलमध्ये धानाचे पोते मोजायच्या कामावर गेले. ज्या हातानं केसाएवढी तार जोडली, तो हात पोत्याले हुक लावत होता. मी घरी बसून भंडाऱ्याच्या, अड्याळच्या दुकानायसाठी ट्रान्सफॉर्मर भरत होती. घरात रेडिओ लावला तं ते उठून बाहेर जात.

मी ते मासिक बेबीबाईले दाखवलं. ती सरकारी दवाखान्यातली नर्स, इंग्रजी शिकलेली. तिनं चौकट वाचली. लिहिलं होतं, चिपा बसवल्यावर धातूचं कोणतंही हत्यार लावून लाईन तपासू नका, एका ठिणगीनं चिप मरते.

माझ्या अंगात अशी आग उठली! तशीच हायस्कूलात गेली. श्यामराव वऱ्हांड्यात उभा होता. मी चौकट त्याच्या नाकासमोर धरली. "हे चिल्लर आहे काय रे मास्तर?"

चष्मा पुसत म्हणतो कसा, "एवढं तं लहान पोट्ट्यालेही समजते बाई. सगळं वाचून दाखवायले मी काय तुमच्या घरचा नोकर होतो?"

हे ऐका! एक ओळ वाचायचा याले कंटाळा आला, अन् माईक धरायले बरा कंटाळा नाही आला! मी तिथेच मनाशी बांधलं. दोन गोष्टी पाहिजे. एक, तुलारामनं दुकानाचं कुलूप स्वतः उघडलं पाहिजे. अन् दोन, याचं नाक त्याच स्टेजवर कापलं गेलं पाहिजे. मी डूख धरला. लोक म्हणतात, बाईनं असं मनात ठेवू नये. मंग बाईनं काय करावं, लोणच्याची बरणी पुसत बसावं?

दोन वर्षं गेली. आमच्या शेजारी नत्थू राहते, लाईनमन आहे. तो हायस्कूलात वायरिंग पाहायले गेला अन् परत येऊन मले म्हणाला, "वहिनी, तुमचा कंप्यूटर मास्तरनं कपाटातून काढला. नागपूरहून नवीन चिपा आणून बसवल्या. आता सांगते, मी बनवला म्हणून."

फजितीच्या त्या सव्वीस जानेवारीले तुलारामनं ट्रान्सफॉर्मरची पेटी तेवढी घरी आणली होती, बाकी यंत्र शाळेतच राहून गेलं होतं. मागायले जायची त्यायले लाज वाटे. कथलाचा एकेक डाग त्यायच्या हातचा, एकेक तार त्यायच्या हातची, अन् नाव याचं! म्हणजे आधी माणूस मारला अन् मंग त्याचे कपडे घालून फिरते. मी तुलारामले सांगितलं, तं ते एवढंच म्हणाले, "चालते का पण?" मले त्यायचाही राग आला.

चालत नव्हता. मास्तरनं नागपूरचा तयार ट्रान्सफॉर्मर लावला होता, तो भरलेल्या लाईनचा. पवनीच्या एकशे सत्तरवर आकडे लागत अन् विझत. अन् संस्थेच्या नवीन इमारतीचं उद्घाटन ठरलेलं, नागपूरहून मोठे पाहुणे येणार, कार्यक्रमपत्रिकेत छापून झालेलं, ‘श्री. श्यामराव यांनी तयार केलेला पवनीतील पहिला कंप्यूटर’. उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग. मंग काय करते? फेब्रुवारीच्या शेवटी आला माझ्या दारात. तुलाराम मिलमध्ये गेले आहेत ते पाहूनच आला.

"बाई, एक ट्रान्सफॉर्मर भरून पाहिजे," म्हणाला अन् कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, तेराशे साठ वेढे, एकच टोक.

आता मी खरं सांगते, त्या घडीले माझ्या तोंडातून सवयीनं निघालंच. "मास्तर, आमच्या इथे दोन टोकं काढतात, लाईन जर..."

"दोन टोकं रेडिओवाल्यायले लागतात," त्यानं मधातच तोडलं. "मी आठ दिवस शाळेत मीटर लावून पाह्यलं. एकशे सत्तरच्या वर काटा जात नाही. जेवढं लिहिलं तेवढं कर. डोकं नको चालवू."

शाळेत मीटर लावलं! शाळा किती वाजता असते? दहा ते पाच. पंपही तेव्हाच, मिलही तेव्हाच. सातनंतर एकदा तरी पाह्यलं असतं तं बी.एस्सी.ले समजलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी जीभ आवरली. म्हटलं, "बरं जी. कागदावर सही करून द्या. आमच्याकडे लिहिल्याबिगर काम होत नाही."

तो हसला. "बाईले सही पाहिजे!" अन् झोकात सही ठोकून दिली, खाली तारीखही टाकली.

मी तो ट्रान्सफॉर्मर असा भरला, असा भरला, की तसा आयुष्यात कोणता भरला नाही. एकावर एक तार, जसं रेशमी काठाचं काम. तेराशे साठ म्हणजे तेराशे साठ, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कोणी उद्या म्हणू नये की वाइंडिंग कच्चं होतं. तिसऱ्या दिवशी तो घेऊन गेला अन् आकडे पक्के लागले म्हणून शाळाभर पेढे वाटले.

एक मार्चले नत्थू दारात टेकला. म्हणाला, "वहिनी, नऊ तारखेले मजा आहे. पाहुणे येऊन राहिले म्हणून सकाळपासून पंप बंद, मिल बंद. वरून हुकूम आला आहे. पवनीले दोनशे चाळीसच्या खाली लाईन येणार नाही, माईक गाजला पाहिजे म्हणे!"

मी चुलीजवळ होती. हातातली भाकर करपली, तरी मी उलथली नाही. मले एका क्षणात सगळं दिसलं. तेराशे साठ वेढ्याच्या एकट्या टोकावर दोनशे चाळीस!

आठ दिवस माझ्याजवळ होते. हायस्कूल आमच्या घरून दहा मिनिटाच्या वाटेवर. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी रोज बाजारात गेली, रोज त्या फाटकासमोरून गेली, अन् रोज पुढे निघून गेली. एकदा तं तो समोरच आला. "या बाई, नऊ तारखेले पाहायले," म्हणाला. मी म्हटलं, "येते न जी, पहिल्या रांगेत बसते." लोकायले वाटत असंन या बाईले झोप लागली नसंन. मस्त झोप लागे मले.

मले वाटलं होतं, तुलाराम येणार नाहीत. पण नऊ तारखेले सकाळी उठून त्यायनं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. मी पाहतच राहिली. म्हणाले, "चाल, जाऊन पाहू. आकडे लागतात म्हणते नत्थू."

"त्याच्या नावाचा तमाशा पाहायले जाता?"

"नाव कोणाचंही असो. चिपा नवीन टाकल्या, बाकी सगळं तं माझंच आहे न शकुन."

असं हसून बोलले ते. दोन वर्षांनी त्यायच्या तोंडावर हसू पाह्यलं मी. तेव्हा बोलायले पाहिजे होतं काय? पाहिजे असंन. नाही बोलली. मनात म्हटलं, बरं आहे, तुमच्या डोळ्यानं पाहा, ज्यानं तुमची मान खाली घातली त्याची मान कशी खाली जाते ते.

पहिल्या रांगेत नाही, तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. स्टेजवर पाहुणे, सेक्रेटरी, नवा कोट घातलेला श्यामराव, अन् टेबलावर लाल कपड्याखाली आमचा कंप्यूटर. भाषणं झाली. वरचे पंखे असे फिरत होते की पताका तुटून खाली पडत होत्या. पवनीत दिवसा असा पंखा कोणी पाह्यला नव्हता. बाया खुश, पदर सावरून बसल्या होत्या.

तुलारामनं मान वर केली. पंख्याकडे पाह्यलं. मंग स्टेजवरच्या दिव्याकडे. मंग माझ्याकडे वळले. हळूच विचारलं, "शकुन, त्याचा ट्रान्सफॉर्मर तू भरला न?"

मी समोरच पाहत होती.

"दोन टोकं काढली न?"

त्यायनं माझ्या तोंडाकडे पाह्यलं अन् झटक्यानं उठले. लोकायच्या पायावरून, गुडघ्यावरून वाट काढत ओरडले, "मास्तर, थांबा! बटन नका दाबू! लाईन जास्त आहे!"

श्यामरावच्या हातात माईक होता. सुंभ जळते पण पीळ जात नाही. म्हणाला, "बसा, बसा तुलाराम! आज पेचकसचं काम नाही!" सभा खदखदून हसली. अन् हसतच त्यानं बटन दाबलं.

सहा आकडे लागले. असे लागले की डोळे दिपले. पाहुण्यानं टाळीसाठी हात उचलले, अन् दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटावा तसा आतला कंडेन्सर फुटला. कागदाचे तुकडे, पांढरा धूर, जळका वास. पाहुणे खुर्चीसकट मागे सरकले. श्यामरावचा नवा कोट काळा झाला, चष्मा टेबलाखाली गेला, अन् तो माईकमध्येच ओरडला, "आई गं!" ते साऱ्या पवनीनं ऐकलं.

हा आवाज मी दोन वर्षं कानात साठवायले जागा करून ठेवली होती. कसं वाटलं म्हणून विचारता? गोड वाटलं. कलेजा थंड झाला.

सेक्रेटरी लालबुंद झाला. "ट्रान्सफॉर्मर कोणं भरला होता?" श्यामरावनं लगेच बोट दाखवलं. "तुलारामच्या घरचा आहे! त्यायनंच मुद्दाम कच्चा भरून दिला!" चोराच्या उलट्या बोंबा! मागून कोणी तरी ओरडलं, "ठिणगी!" अन् लोक पुन्हा हसायले लागले.

मी उठली. पदरात कागद होताच. स्टेजवर चढली अन् सरळ पाहुण्यायच्या हातात दिला. "वाचा जी साहेब, मोठ्यानं वाचा. सही कोणाची आहे तेही वाचा." त्यायनं वाचलं, माईकमध्ये. तेराशे साठ वेढे, एकच टोक, श्यामराव, तारीख. पाहुण्यायसोबत विजेचे एक साहेब आले होते. ते पुढे झाले, विचारलं, "मास्तर, हे तर एकशे सत्तरचं झालं. तुम्ही कधी रात्री व्होल्टेज नाही पाहिलं?" श्यामराव चष्म्याबिगर डोळे मिचकावत उभा. विजेचे साहेब आधी हसले, मंग पाहुणे, मंग सभा. पोट्टे बाकावर चढून ‘धडाम मास्तर’ म्हणून ओरडत होते. मी त्याच्याकडे डोळा भरून पाह्यलं. त्यानं पाह्यलं नाही.

मंग मी तुलारामले शोधलं. मले वाटलं होतं, ते छाती काढून उभे असतील. ते टेबलाजवळ खाली बसले होते. कोणाचं त्यायच्याकडे लक्ष नव्हतं. चिपा बसवलेली जळालेली पाटी उचलून तिच्यावरची राख फुंकून राहिले होते, अन् तुटलेले तुकडे एकेक करून सदऱ्याच्या ओटीत घेत होते.

पाटी घेऊन घरी निघाले, मी मागे. वाटेत लोक म्हणत होते, "वा तुलाराम, चांगली जिरवली!" ते चालतच राहिले. चौकात आल्यावर विचारलं, "लाईन वाढणार हे तुले कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवसांपासून."

"अन् सांगितलं नाही."

"त्यानं सांगितलं होतं काय? चौकटीतली एक ओळ त्यानं वाचली होती काय? तुमच्यासाठीच केलं मी!"

ते थांबले. म्हणाले, "तो आळशी होता. तू शहाणी होती." बस, एवढंच.

त्याच दिवशी दुपारी त्यायनं दुकानाचं कुलूप उघडलं. जे मले पाहिजे होतं ते झालं, दोन्ही झालं. झाडलं, पुसलं, पाटी टेबलावर ठेवली. संध्याकाळी घरी आले अन् माझ्यासमोरून वाइंडिंगची मशीन उचलली. अर्धा भरलेला ट्रान्सफॉर्मर तिच्यावर तसाच होता. मी विचारलं, "कुठे नेता?" म्हणाले, "माझ्या दुकानातून आतापर्यंत जाणून बिघडवलेली वस्तू गेली नव्हती."

याले तीन साल झाले. श्यामरावनं बदली करून घेतली, तुमसरच्या पलीकडे बपेऱ्याले गेला. नत्थू सांगते, तिथेही पोट्टे त्याले धडाम मास्तरच म्हणतात, नाव त्याच्या आधी पोचलं. हे ऐकलं की मले अजूनही दोन घास जास्त जातात. कोणी विचारलं, पस्तावा होते काय, तं नाही होत. पुन्हा तसा कागद कोणी आणला तं पुन्हा तसंच भरीन.

तुलाराम ट्रान्सफॉर्मर आता स्वतः भरतात. रेडिओचा हात वेगळा अन् कांडीचा हात वेगळा. त्यायची तार ढिली बसते, सेट गुणगुणते, माल परत येते. गिऱ्हाईक म्हणते, बाईच्या हातचा द्या जी. ते म्हणतात, बाई ते काम करत नाही आता. माझ्याशी बोलतात, भांडत नाहीत, बाजारातून मले आवडते ती भाजी आणतात. मी बाबांच्या मागावर कांड्या भरायले जाते.

परवा डबा घेऊन दुकानात गेली. ते मशीन फिरवत होते, ओठात मोजत होते. नऊशे अडतीस, नऊशे एकोणचाळीस. तेवढ्यात कोणी तरी सायकलवरून हाक मारली, त्यायनं मान वर केली अन् आकडा गेला. थांबले. मी दारातच उभी होती. नऊशे चाळीस, मले पक्कं माहीत होतं. मी ऐकत होती हे त्यायलेही माहीत होतं. मी वाट पाह्यली, की विचारतील. त्यायनं माझ्याकडे एकदा पाह्यलं, मंग सगळी तार उकलली अन् एकपासून मोजायले सुरुवात केली.